लॅब्रॅडॉर प्रेमळ खराच, पण त्याची भूक ओळखा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत घरात पाळायच्या कुत्र्यांमध्ये तुम्ही लॅब्रॅडॉरला पहिला नंबर दिलात. द्यायलाच हवा. आमच्याकडे पिवळी लॅब्रॅडॉर आहे, चिंगी. गॅसवाला येवो नाहीतर मीटर बघणारा, हिची शेपटी सुरू. ती बुडाशी इतकी जाड की टीपॉयवरचा कप सहज आडवा होतो. राखणीसाठी कोणी लॅब्रॅडॉर आणणार असेल, तर आधीच सांगते, चोराला ती चेंडू आणून देईल.

पण फ्लॅटमध्ये ही जात आरामात रमते, एवढं म्हणून लेख संपला. मी आयुष्यभर शाळेत पी. टी. शिकवलं, त्यामुळे 'आराम' या शब्दाला माझी जरा हरकत असते. ही जात मुळात कॅनडातल्या न्यूफाउंडलंडची. तिथल्या कोळ्यांचे कुत्रे गार पाण्यात उड्या मारून निसटलेले मासे आणि दोर ओढून आणायचे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधल्या जमीनदारांनी ते नेले, टिपलेली बदकं उचलून आणायला तयार केले आणि 1903 मध्ये तिथल्या केनेल क्लबने मान्यता दिली. राबण्यासाठी घडलेलं हे जनावर आपण टाइल्सवर लोळत ठेवतो आणि वर दिवसभर बिस्किटं चारतो.

आमच्या घरात पोळ्यांच्या डब्याचं झाकण वाजलं की चिंगी कुठेही असो, हजर. समोर बसणार, लाळेची तार जमिनीपर्यंत, आणि बघणार अशी की जणू आठवडाभर उपाशी ठेवलंय. पाहुणे मलाच बोलतात, "अहो, किती भूक लागलीय बिचारीला!" हे नुसतं नाटक नसतं. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये दाखवलं की साधारण चौथ्या हिश्श्याच्या लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडाच गायब असतो. अशांना दोन जेवणांच्या मधे भूक जास्त लागते. अपंगांचे मदतनीस म्हणून निवडलेल्या लॅब्रॅडॉरमध्ये हे प्रमाण कितीतरी जास्त निघालं. खाऊसाठी काहीही शिकायची तयारी हे त्याचं कारण असावं, असा त्यांचा अंदाज. म्हणजे ज्या गुणाचं आपण कौतुक करतो, तोच वजन वाढवतो. वजन वाढलं की आधीच नाजूक असलेले खुब्याचे सांधे जातात, मग जिना बंद.

म्हणून आमच्याकडे तिचं खाणं वजनकाट्यावर मोजून. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसता कामा नयेत, आणि वरून बघितलं तर कंबर कळली पाहिजे. फिरणं ऊन चढायच्या आत. पोहायची हौस दांडगी, पण सांगलीत कृष्णेत मगरी, आणि शेततळ्यात अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद इतका निसरडा की आत गेलेल्या कुत्र्याला वर येता येत नाही. त्यामुळे मळ्याजवळच्या उथळ ओढ्यावर भागवतो.

पिल्लाबद्दलही लेखात दोन ओळी हव्या होत्या. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017 च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे. तरी डोळे जेमतेम उघडलेली पिल्लं सर्रास विकली जातात. घेणाऱ्याने आई बघायला मागावी. टाळाटाळ झाली तर तिथून निघावं.

आणखी एक, आपल्या भागासाठी मुद्दाम. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, आणि किती खाल्ले तर धोका हे आधी सांगता येत नाही. खाल्ले असतील तर काही होतंय का बघत न बसता लगेच डॉक्टर गाठावा. बेदाण्यांचं तासगाव जवळ, तेव्हा इथे घरोघरी पाहुण्यांपुढे बेदाण्यांची वाटी असते, आणि ती टीपॉयवर, म्हणजे बरोबर लॅब्रॅडॉरच्या नाकासमोर. पुढच्या पुरवणीत एवढं एक चौकट करून छापाल का?

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, सांगली