पहिला हात पुढे येतो तेव्हा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाने मुंबईला झोडपले, गाड्या बंद पडल्या की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत मुंबईकरांच्या माणुसकीचे कौतुक छापून येते, आणि ते योग्यच आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री कमरेएवढ्या पाण्यातून चालत निघालेल्या अनोळखी माणसांना लोकांनी घरात घेतले, चहा-बिस्किटे दिली, अंगावर घालायला कोरडे कपडे दिले. परंतु ही वृत्ती एका रात्रीत येत नाही. माझ्या मते ती रोजच्या प्रवासात, क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींतून, एकमेकांचे पाहून अंगवळणी पडत जाते, आणि त्या क्षुल्लक गोष्टींकडे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मध्य रेल्वेच्या संध्याकाळच्या गाडीत, महिलांच्या डब्यात, उभ्याने प्रवास करणाऱ्या एखाद्या बाईला चक्कर येणे आम्हा नेहमीच्या प्रवाशांना नवीन नाही. अलीकडेच कुर्ला सोडल्यावर असा प्रसंग घडला. सुरुवातीचे काही क्षण कोणीच हलले नाही. जी ती दुसरीच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग खिडकीजवळची कॉलेजातली मुलगी उठली आणि ‘काकू, तुम्ही इथे बसा’ म्हणत तिने त्यांचा हात धरला. ती उठली मात्र, सारा डबा कामाला लागला. एकीच्या पर्समधून पाण्याची बाटली निघाली, दुसरीने लिमलेटची गोळी काढून दिली, तिसरी वर्तमानपत्राची घडी करून वारा घालू लागली, आणि दाराशी दाटीवाटीने उभ्या असलेल्या बायका आत हवा यावी म्हणून अंग चोरून बाजूला झाल्या. घाटकोपर, विक्रोळी मागे पडले, बाईंना बरे वाटले आणि त्यांनी काय करावे? समोर उभ्या असलेल्या शाळकरी मुलीचे जड दप्तर स्वतःच्या मांडीवर घेतले आणि बाकावरच्या इतर दोघींना सरकायला सांगून तिला चौथी म्हणून बसवले. जागा देणारी मुलगी तोवर उतरून गेली होती.

अनोळखी माणसाने केलेल्या मदतीचे वैशिष्ट्य मला इथेच दिसते. ओळखीच्या माणसाचे उपकार फेडता येतात. गर्दीत दिसेनाशा झालेल्या माणसाचे फेडायचे तर ते जवळ उभ्या असलेल्या तिसऱ्याच कोणावर तरी करावे लागतात. जेम्स फाउलर आणि निकोलस ख्रिस्ताकिस या अमेरिकेतील अभ्यासकांनी २०१० मध्ये याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले होते. त्यांनी तपासलेल्या प्रयोगांत अनोळखी माणसांचे गट पैशांचा खेळ खेळत, दर फेरीला गट बदलत आणि तीच दोन माणसे पुन्हा एकत्र येणार नाहीत अशी व्यवस्था असे. तरीही एकाने हात सैल सोडला की त्याच्यासोबत खेळलेली माणसे पुढच्या फेरीत नव्या लोकांशी अधिक उदारपणे वागत, आणि हा परिणाम तिसऱ्या फळीतल्या माणसापर्यंत पोचत असे. हात आखडता घेण्याची वृत्तीही तशीच पसरत होती, हे मात्र विसरून चालणार नाही. दादरच्या पुलावर एकाने कोपर मारले की पुढे काय होते, ते आपण रोज पाहतोच.

मशीद बंदरला केशवजी नायक यांची १८७६ सालची पाणपोई आहे. आपल्या माणसांच्या स्मरणार्थ अशा पाणपोया या शहरात अनेकांनी बांधल्या. तिथे पाणी पिणारा कोण, कुठला, हे बांधणाऱ्याने कधी विचारले नाही. यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका वॉचमनने फाटकाबाहेर, घरोघरी सामान पोचवणाऱ्या मुलांसाठी माठ भरून ठेवला. पंधरवड्यात शेजारच्या सोसायट्यांच्या फाटकांवरही माठ दिसू लागले. त्यासाठी ना सभा झाली, ना फलक लागला.

सगळे अडते ते पहिला हात पुढे येण्यापाशी, आणि रस्त्यावरील अपघाताच्या वेळी तो भीतीने मागे राहतो. ‘नसती झंझट नको, पोलीस नाव लिहून घेतील’ हे वाक्य चांगल्या मनाच्या माणसांच्या तोंडूनही मी ऐकले आहे. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे दंडक बंधनकारक केले, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले, आणि २०२० च्या नियमांनुसार अशा व्यक्तीवर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. तिच्या हक्कांची सनद प्रत्येक सरकारी आणि खासगी रुग्णालयाने प्रवेशद्वाराशी किंवा ठळक जागी, स्थानिक भाषेतही लावली पाहिजे, असे हेच नियम सांगतात. ज्या रुग्णालयांत माझे जाणे-येणे असते तिथे ती माझ्या नजरेस पडलेली नाही.

महापालिकेने आपल्या रुग्णालयांत ही सनद मराठीत, वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लावावी आणि रेल्वेने द्रुतगती मार्गांलगतच्या स्थानकांवर तिला जागा द्यावी, अशी माझी मागणी आहे. आपणही आपल्या मुंबई आवृत्तीत या नियमांचा मराठी मजकूर पहिल्या पानावर, कापून खिशात ठेवता येईल अशा चौकटीत छापावा, ही नम्र विनंती.

आपली,
एक वाचक, मुलुंड (पूर्व)