बारा वर्षांचा बोजा

व्हँकुव्हर

तीर्थरूप आप्पांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

लुओंगो एवढा मोठा गोलरक्षक, मग त्याला घ्यायला दुसरा संघ का मिळेना, असं तुम्ही विचारलंत. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

२०१० मध्ये याच शहरात कॅनडानं बर्फावरच्या हॉकीचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, तेव्हा गोलमध्ये रॉबर्टो लुओंगो होता. त्याच्या आदल्याच वर्षी इथल्या कनक्स संघानं त्याच्याशी बारा वर्षांचा, ६ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला होता. करार संपताना तो त्रेचाळीस वर्षांचा होणार. त्या वयापर्यंत कोण खेळतं, आप्पा? सह्या करणाऱ्यांनाही ते कळत होतं. पण इथल्या व्यावसायिक हॉकी लीगमध्ये (एनएचएल) प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला वरची मर्यादा असते, आणि तिच्यात खेळाडूच्या कराराची वार्षिक सरासरी धरतात. म्हणून पहिल्या वर्षी १ कोटी आणि शेवटच्या दोन वर्षांना १०-१० लाख, अशी मांडणी केली. सरासरी ५३ लाखांवर उतरली.

पुढे २०१२ मध्ये तरुण कोरी श्नायडर त्याच्या जागी आला आणि लुओंगोला दुसरीकडे पाठवायचं ठरलं. तेवढ्यात जानेवारी २०१३ मध्ये लीगचे नियम बदलले: अशा करारातला खेळाडू मुदतीआधी निवृत्त झाला, तर सरासरीमुळे मर्यादेत वाचवलेली रक्कम संघांच्या मर्यादेतून वळती करायची. जमीन कसदार, पण सातबाऱ्यावर बोजा, तसं झालं. शिवाय त्याच्या संमतीशिवाय त्याला हलवता येत नव्हतं. एप्रिलमध्ये संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत टळली, तेव्हा तो पत्रकारांसमोर बसून म्हणाला, हा करार वाईट आहे, जमलं तर आत्ता मोडून टाकीन. ते बघताना मला फार वाईट वाटलं. हुशारी केली संघानं आणि लोकांपुढे मान खाली घालावी लागली त्याला.

शेवटी जून २०१३ मध्ये गेला तो श्नायडर, कारण त्याला गिऱ्हाईक होतं. लुओंगो राहिला. मार्च २०१४ मध्ये मोठ्या स्टेडियमवरच्या खास सामन्यात त्याला बाकावर बसवलं, आणि दोनच दिवसांनी फ्लोरिडाशी व्यवहार झाला. फ्लोरिडा त्याचा जुना संघ, सासुरवाडही तिकडचीच. तरीसुद्धा करार संपेपर्यंत त्याच्या पगाराचा १५ टक्के वाटा कनक्सनं स्वतःकडे ठेवला, तेव्हा कुठे जमलं.

तिकडे तो आणखी पाच मोसम चांगला खेळला. २०१९ मध्ये निवृत्त झाला आणि कनक्सच्या मर्यादेतून तीन वर्षं दरसाल ३० लाख डॉलर वळते झाले, कित्येक वर्षांपूर्वी निघून गेलेल्या माणसापायी! इथले काही लोक त्यासाठी अजून लुओंगोला बोल लावतात. मला ते मुळीच पटत नाही. बारा वर्षं त्यानं मागून घेतली असतील, पण पगाराची ती उतरंड रचली संघानंच.

दादालाही वाचायला द्या, असला हिशेब त्याला आवडेल. आईला नमस्कार.

तुमचा,
सुहास