चिऊ, हा मेल फॉरवर्ड नाही

चि. चिऊ,
अनेक आशीर्वाद.

हा मेल मी स्वतः, पहिल्या अक्षरापासून टाइप करते आहे. विषयात फक्त 'आईचं पत्र' लिहिलंय, म्हणजे फॉरवर्ड मेल बाजूला टाकणाऱ्या तुझ्या चाळणीत अडकणार नाही.

परवा फोनवर तू बोललीस ते खरंच होतं. तुझा मेलचा पत्ता थोरल्या काकांना मी दिला, शेजारच्या वहिनींना मी दिला, बाबांच्या जुन्या ऑफिसातल्या दोघांनाही मीच दिला. तू निघालीस त्या आठवड्यात जो तो विचारायचा, पोरीला कळवायचं कुठे? मला वाटलं, तेवढीच माणसं तुझ्या आसपास राहतील. सकाळी सुविचार, दुपारी घरगुती औषधं, रात्री 'हे दहा जणांना पाठवा', असं रोज येईल हे डोक्यातच आलं नाही. तुला न विचारता दिला. चुकले मी.

पण नऊ दिवस, चिऊ. नऊ दिवस मी रोज पाच-सहा वेळा मेल उघडून बघत होते. उत्तर आलं ते तुझ्या यंत्राचं: 'मी सध्या बाहेर आहे, सवडीने लिहीन.' पाचव्या दिवशी मी बाबांचा रिपोर्ट पुन्हा पाठवला, तर पुन्हा तेच वाक्य. ते उत्तर एका माणसाला चार दिवसांतून एकदाच जातं, हे मला नंतर समजलं. त्या वेळी वाटलं, तू वाचलंस आणि तुला वेळ नाही.

आता कळतंय काय झालं ते. विषयात 'फॉरवर्ड'ची खूण असलेला प्रत्येक मेल तू बाजूला टाकायला लावला होतास. आणि लॅबने पाठवलेला बाबांचा रिपोर्ट मी जसाच्या तसा पुढे पाठवला. तो काकांच्या सुविचारांत जाऊन पडला. फोन का केला नाही म्हणून रागावलीस. तुझा आवाज ऐकून ते सांगायचं धाडस होईना गं.

तेव्हा आधी एवढं कर. ती शब्दावरची चाळणी काढ आणि माणसावरची लाव. मोबाइलवरच्या ॲपमध्ये जीमेलचा फिल्टर बनवता येत नाही, लॅपटॉपवर बस. पाठवणाऱ्याच्या जागी काकांचा पत्ता घाल, इनबॉक्स टाळून वेगळ्या लेबलखाली ठेवायला सांग आणि रविवारी एकदा त्यावर नजर टाक. मग माझ्या आणि बाबांच्या पत्त्यांसाठी दुसरा फिल्टर कर: स्पॅममध्ये, म्हणजे नकोशा मेलच्या कप्प्यात, कधीच टाकू नये, नेहमी महत्त्वाचं समजावं. हा दुसरा आधी केलास तरी चालेल. आधीच कर.

ब्लॉक मात्र कुणाला करू नकोस. ब्लॉक केलेल्याचे मेल स्पॅममध्ये जातात, त्याला कळतही नाही आणि ३० दिवसांनी ते आपोआप पुसले जातात. उद्या मला लिहिता आलं नाही आणि काकांनीच काही कळवलं तर? असलं मनात आणू नये, पण येतं.

आणि ते व्हिडिओ पुसत जा. मेल, ड्राइव्ह, फोटो सगळ्यांना मिळून फुकटची जागा १५ जीबी. ती भरून वाहिली की नवीन मेल येणंच थांबतं, मग आमचा कसला पोचतो! शिवाय ते सुट्टीचं आपोआप जाणारं उत्तर फक्त ओळखीच्या पत्त्यांनाच जाईल असं कर. तू घरापासून लांब आहेस हे साऱ्या जगाला कशाला कळायला हवं? कुणा ओळखीच्याच नावाने 'अडकलोय, तातडीने पैसे पाठव' असं आलं तर आधी फोन लाव. त्यांचं खातं दुसऱ्याच कुणाच्या हाती गेलेलं असू शकतं.

बघ, तुला शिकवायलाच लागले. हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. कॉलेजात असताना तूच सांगितलं होतंस, पहिला घाऊक जाहिरातीचा मेल मे १९७८ मध्ये गेला. अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावर, एका संगणक कंपनीच्या माणसाने जवळजवळ ४०० जणांना पाठवला, आणि पत्त्यांची यादी एवढी लांब झाली की ती खाली मजकुरात सांडली. सांगताना तुझे हात कसे हलत होते! बाबा पेपर खाली ठेवून ऐकत होते. तू आत गेल्यावर म्हणाले, 'ही आपल्या पुढे गेली.' तुला हे कधी सांगितलं नव्हतं.

काकांच्या मेलच्या डोक्यावरही साठ पत्ते उघडे असतात, त्यात तुझाही. तू मागे चिडून 'बंद करा' असं सगळ्यांनाच उत्तर दिलंस, तेव्हा त्या साठांतले कितीतरी पुन्हा सगळ्यांनाच लिहीत बसले. मी टायपिस्ट होते तेव्हा एखादी प्रत गुपचूप द्यायची असली तर मूळ कागद मशिनमधून काढून घ्यायचो आणि त्या माणसाचं नाव फक्त कार्बनच्या प्रतीवर उमटवायचो. तुमचं 'बीसीसी' ते हेच. काकांना मी परवा शेजारी बसून ते शिकवलं. तुझा पत्ताही काढायला लावला. ते गप्प झाले. मग म्हणाले, 'तिला आठवण राहावी म्हणून पाठवत होतो.' मला वाईट वाटलं, पण पत्ता काढून घेतला.

बाबा बरे आहेत. डॉक्टर म्हणाले, सध्या गोळ्यांवर निभेल. चालायला जातात, जिना मात्र सावकाश चढतात. वळणावर थांबले की मी काही विचारत नाही, त्यांना आवडत नाही. तू वाचलंस का, हे ते रोज विचारायचे. मी म्हणायचे, कामात असेल.

पुढची तपासणी २४ तारखेला आहे. त्याचा रिपोर्ट आला की मी फोन करीन, रडू आलं तरी करीन. मेलही पाठवीन, नव्याने लिहून.

ते दोन फिल्टर आजच कर. आणि हा मिळाला की नुसतं 'मिळाला' एवढंच लिही, बाकी सवडीने. मी जागी आहे.

तुझी,
आई