तीन मिनिटांत पीएचडी सांगा की!

मा. संपादक,

माझी पुतणी डाळिंबावरच्या तेल्या रोगावर पीएचडी करतेय, चार वर्षं झाली, पण घरात कुणालाच नीट माहीत नव्हतं ती नेमकं काय करते ते. परवा तिनं मोबाईलवर तीन मिनिटांचा व्हिडिओ करून फॅमिली ग्रुपवर टाकला आणि सांगोल्याचा आमचा मेव्हणा, ज्याची स्वतःची बाग आहे, त्यानं तिला लगेच फोन करून अर्धा तास डोकं खाल्लं. हेच पाहिजे ना?

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड युनिव्हर्सिटीनं २००८ मध्ये अशीच, पीएचडीवाल्यांनी आपलं संशोधन थोडक्यात सांगायची 'थ्री मिनिट थिसिस' स्पर्धा सुरू केली. एकच स्लाईड, तीन मिनिटं, बस. आयडिया कुठून आली माहितीये का, तिकडं दुष्काळ होता आणि लोक अंघोळीला तीन मिनिटांचं टायमर लावायचे! नळाच्या पाण्याची वाट बघणाऱ्या सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडं थिसिस, म्हणजे पीएचडीचा प्रबंध, शोधगंगा या प्रबंधांच्या वेबसाइटवर जातो, चांगलंय, पण तो इंग्रजीतला तीनशे पानी पीडीएफ बागवाला कधी वाचणार? आपल्या सोलापूरच्या अहिल्यादेवी होळकर विद्यापीठानं प्रत्येक पीएचडीवाल्याकडून एक मराठी व्हिडिओ घ्यावा, आणि कन्नड-तेलुगूत केला तर अजून भारी, शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी घरं किती आहेत. फक्त मागं ते ढँण ढँण म्युझिक नको, पुतणीनं लावलं होतं, निम्मं ऐकूच आलं नाही.

– एक वाचक, जुळे सोलापूर