‘वैयक्तिक मत’ एवढे म्हणून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याने सीमावादावर केलेल्या वक्तव्याबद्दलचा कालच्या अंकातला लेख वाचला. लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे : बोलणारा हुद्द्याने लहान आहे, म्हणून ते सरकारचे बोलणे नव्हे, आणि सरकारचे नाही, म्हणून सरकारने त्यावर काही बोलायचीही गरज नाही. यातले पहिले म्हणणे अर्धवटच खरे आहे. दुसरे साफ चुकीचे आहे, आणि निदान सोलापूरकरांनी तरी ते मान्य करू नये.

मुळात हुद्द्याचा प्रश्नच नाही. मंत्रालयातून निघालेला कोणताही शासन निर्णय घ्या आणि शेवटचे पान पाहा. ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ असते आणि तिच्याखाली सही असते कक्ष अधिकाऱ्याची, अवर सचिवाची किंवा उपसचिवाची. मुख्यमंत्री तिथे सही करत नाहीत. राज्यघटनेच्या 166 व्या अनुच्छेदाने त्या कागदाला सरकारचे वजन येते. तोच कक्ष अधिकारी संध्याकाळी एखाद्या सत्कार समारंभात माइक हातात आल्यावर एखाद्या समाजाबद्दल किंवा शेजारच्या राज्याबद्दल वाटेल ते बोलला, तर ते सरकार नव्हे. तो कोणत्या नात्याने आणि कोणत्या कागदावर बोलला, एवढेच पाहायचे.

हे तपासणे अवघड नाही. मजकूर कार्यालयाच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह आला आहे का? बैठकीत बोलला असेल तर इतिवृत्तात त्याची नोंद आहे का? कार्यालयाच्या अधिकृत खात्यावरून टाकला की स्वतःच्या? खरा घोटाळा होतो तो इथेच. खाते खासगी असते, पण नावाखाली पदनाम असते, फोटो कार्यालयाच्या खुर्चीतला असतो, मागे विभागाचे बोधचिन्ह दिसते. वाचणाऱ्याने त्याला सरकार समजले तर दोष वाचणाऱ्याचा नाही. आयएएस, आयपीएस यांसारख्या अखिल भारतीय सेवांच्या 1968 च्या वर्तणूक नियमांत, माध्यमांतून मांडलेली मते आपली आहेत, सरकारची नाहीत, हे स्पष्ट करण्याचे काम अधिकाऱ्यावरच टाकलेले आहे. ते त्याने बोलतानाच करायचे असते. ओरड झाल्यावर तीन दिवसांनी केलेल्या सारवासारवीला काही अर्थ नाही.

लेखात सर्वोच्च न्यायालयाच्या 3 जानेवारी 2023 च्या कौशल किशोर प्रकरणातील निकालाचा आधार घेतला आहे. पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितले की मंत्र्याचे विधान राज्यकारभाराशी संबंधित असले, तरी सामूहिक जबाबदारीचे तत्त्व लावून ते सरकारच्या माथी मारता येत नाही. इथवर ठीक. पण न्या. बी. व्ही. नागरत्ना यांचे वेगळे मत लेखकाने गाळले आहे. विधान सरकारच्या मताशी जुळत असेल तर त्याची जबाबदारी सरकारवर येते. ते सुटे आणि सरकारच्या भूमिकेशी विसंगत असेल तरच ते वैयक्तिक ठरते, असे त्या म्हणतात. शिवाय हा निकाल मंत्र्यांबद्दलचा आहे. पगारी अधिकाऱ्याला सेवा नियम लागू असतात, त्याला गप्प करण्याचा अधिकार सरकारच्या हातात असतो. तो अधिकार सरकारने वापरला की नाही, यावर लोक मत बनवणारच.

आता 2022 ची आठवण करून देतो, कारण लेखात तिचा उल्लेखही नाही. त्या नोव्हेंबरात सोलापूर आणि अक्कलकोटचा कन्नड भाषिक भाग कर्नाटकात यावा, असे ट्विट कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या नावाने फिरले. बोलणारा तिथे छोटा नव्हता. 6 डिसेंबरला बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले. एसटीने कर्नाटकातल्या फेऱ्या थांबवल्या. 14 डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्र्यांनी दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवले आणि नंतर सांगण्यात आले की मोठ्या नेत्यांच्या नावाने चालवलेल्या बनावट खात्यांनीही वातावरण बिघडवले. नोव्हेंबरातल्या ट्विटपासून या खुलाशापर्यंत साधारण तीन आठवडे गेले. दगड पडले ते याच तीन आठवड्यांत. ते ट्विट बनावट असेल तर तसे त्याच संध्याकाळी, मुख्यमंत्र्यांच्या अधिकृत खात्यावरून आणि कन्नड, मराठी दोन्ही भाषांत सांगायला हवे होते. खुलासा उशिरा आला की तो खरा असूनही उपयोगाचा राहत नाही. फेऱ्या बंद झाल्या की अक्कलकोटहून गाणगापूरला निघालेला भाविक अडकतो, विजापूरला रोज जाणारा व्यापारी अडकतो. या शहरात एकाच वाड्यात मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलली जाते. अशा ठिकाणी ‘कोणीतरी छोटा माणूस बोलला, सोडून द्या’ हा सल्ला परवडत नाही.

आणि दोन्ही राज्यांची खरी भूमिका वाचायची असेल तर ती ट्विटमध्ये शोधू नये. महाराष्ट्राने सीमावादावर 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यात दोघांनी काय लिहून दिले आहे ते पाहावे. 22 डिसेंबर 2022 चा कर्नाटक विधिमंडळाचा ठराव आणि 27 डिसेंबरचा, कर्नाटकातल्या 865 मराठी भाषिक गावांवर हक्क सांगणारा आपला ठराव वाचावा. अधिकृत भूमिका ती तिथे आहे.

मालदीवचे उदाहरण लेखकाने दिले आहे, पण उलटे. जानेवारी 2024 मध्ये तिथल्या तीन उपमंत्र्यांनी भारताच्या पंतप्रधानांबद्दल अपशब्द वापरले. 7 जानेवारीला मालदीव सरकारने लेखी निवेदन काढले की ही मते वैयक्तिक आहेत, सरकारची नाहीत. आणि तिघांना निलंबित केले. म्हणजे ‘वैयक्तिक’ हा शब्द सरकारने स्वतः, लेखी आणि कारवाईसह वापरला. बोलणाऱ्याच्या वतीने तो दुसऱ्या कोणी वापरण्यात अर्थ नाही. त्याच महिन्यात तिथल्या सरकारने भारतीय सैनिकांनी 15 मार्चपर्यंत परत जावे, अशी मागणी केली. ती मात्र अधिकृत भूमिका होती. शब्द नाकारले म्हणून धोरण बदलले असे होत नाही. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाचाव्या लागतात.

आपल्याकडे कारवाई म्हणून जे सांगितले जाते त्याकडेही नीट पाहा. बदली ही शिक्षा नव्हे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मधल्या शिक्षांच्या यादीत बदली नाही. तोंडी समज नाही, सक्तीची रजाही नाही. ठपका ठेवणे, वेतनवाढ रोखणे, पदोन्नती रोखणे या किरकोळ शिक्षा आहेत, आणि त्यांनाही लेखी नोटीस व खुलासा लागतो. निलंबनसुद्धा शिक्षा नाही. त्यानंतर दोषारोपपत्र बजावावे लागते; ते तीन महिन्यांत बजावले नाही तर निलंबन पुढे चालवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच सांगितले आहे. बहुतेक प्रकरणे इथेच विरतात : निलंबनाची बातमी मोठी येते, दोषारोपपत्र वेळेत निघत नाही आणि माणूस पुन्हा खुर्चीत बसतो.

फौजदारी बाजूही तशीच. द्वेष पसरवणाऱ्या भाषणाबद्दल तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवावा, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 28 एप्रिल 2023 पासून सर्व राज्यांना लागू आहे. पण भारतीय न्याय संहितेच्या 196 (गटागटांत वैर पसरवणे) किंवा 299 (धार्मिक भावना दुखावणे) कलमाखाली न्यायालयाने दखल घ्यायची तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 217 व्या कलमानुसार सरकारची पूर्वमंजुरी लागते. फाइल सरकारच्याच टेबलावर येते. ती तिथे पडून राहिली तर त्या उद्गारांशी आपला संबंध नाही, असे सरकारला म्हणता येणार नाही.

शेवटी आपल्याच वृत्तपत्राबद्दल एक तक्रार. असे वक्तव्य आले की पहिल्या पानावर ‘कर्नाटकचा दावा’ असा मथळा येतो. बोलणाऱ्याचे पदनाम तिसऱ्या परिच्छेदात सापडते, कधी सापडतही नाही. दुसऱ्या दिवशीचा खुलासा आतल्या पानावर, निविदांच्या जाहिरातींशेजारी, दोन इंचांत. मथळ्यात राज्याचे नाव घालण्याआधी वार्ताहराने बोलणाऱ्याचे पदनाम, ठिकाण आणि तो कार्यक्रम सरकारी होता की खासगी, हे विचारून घ्यावे. संबंधित विभागाला खुलासा मागितला का आणि किती वाजता, हेही बातमीत द्यावे. खुलासा आला तर तो मूळ बातमीच्याच पानावर, तेवढ्याच टायपात छापावा.

आपला,
एक निवृत्त महसूल कर्मचारी, जुळे सोलापूर