उद्यमनगरातल्या वायरिंगच्या वस्तादांना

वस्ताद,
स. न. वि. वि.

गॅरेजात तुम्हाला मान वर करायला सवड नसते, म्हणून हे पत्र. उघडच लिहितोय, कारण जुनी गाडी जपणाऱ्या इतरांनीही वाचावं अशी इच्छा आहे.

वडिलांची प्रीमियर पद्मिनी तुमच्याकडे आली तेव्हा तिचं टिंकरिंग, पेंट सगळं झालं होतं. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली, तेव्हाच घरात ठरलं होतं की आपली चालती ठेवायची. 1089 सीसीचं इंजिन मूळचंच, पण इलेक्ट्रिक पंखा, हॅलोजन, फॉग लॅम्प, म्युझिक, फोनचं चार्जिंग हे सगळं तिला हवं होतं. त्यातलं काही आधीच कुणीकुणी जोडलेलं होतं, आणि ते कसं, तर जवळची वायर सोलायची, पीळ मारायचा, वर काळी टेप. इंजिनच्या धगीनं त्या टेपचा गोंद वितळून तिची टोकं लोंबत होती. डॅशबोर्डखाली हात घालायची भीती वाटायची.

तुम्ही सगळं उतरवलंत. आणि नवीन वायरला हात लावण्याआधी गाडीभर सुतळी फिरवलीत! बॅटरीपासून फ्यूज बॉक्स, तिथून फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत, मग दाराच्या उंबऱ्याखालून डिकीपर्यंत. कुठे वळण, कुठे फाटा, सगळं सुतळीवर गाठी मारून ठरवलंत. मग प्लायवूडवर खिळे ठोकून त्या मापानं हार्नेस, म्हणजे सगळ्या वायरींचा जुडगा, बाहेरच बांधलात. फाटा फुटतो तिथे आधी मेणाच्या दोऱ्यानं आवळून, मग टोकाकडून बुंध्याकडे कापडी टेप, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढलेला. एखाद्या माउलीनं घातलेल्या वेणीसारखा तो हार्नेस दिसत होता. मी कितीतरी वेळ नुसता बघत उभा होतो.

इंजिनच्या बाजूला टेपवर चिरलेली नळी, एक्झॉस्टजवळून जाते तिथे फायबरग्लासची स्लीव्ह, पेट्रोलच्या पाइपपासून अंतर राखून. फायरवॉलच्या भोकात वायर घासू नये म्हणून रबरी ग्रोमेट, आणि आत शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ, म्हणजे पावसाचं पाणी तिथेच ठिबकेल, केबिनमध्ये येणार नाही. केबल टायची शेपटी तुम्ही नेलकटरनं मुळाशी कापत होता. का, ते मला नंतर कळलं. पकडीनं कापलं की पात्यासारखी धार उरते आणि पुढं हात घालणाऱ्याचं मनगट सोलतं. पुढचा मिस्त्री कोण असेल ते तुम्हाला ठाऊकही नाही. तरी त्याच्या मनगटाची काळजी तुम्ही केलीत, हे माझ्या मनातून जात नाही.

तुमच्या शिकाऊ पोरानं विचारलं होतं, जोडाला सोल्डर, म्हणजे कथलाचा डाग, का नाही मारायचं? तुम्ही काम थांबवून त्याला समजावलंत. सोल्डर तारेत वर चढतं, तिथे वायर कडक होते आणि गाडीच्या थरथरीनं नेमकी त्या कडेला तुटते. वायरच्या टोकाला चांगल्या पकडीनं दाबून बसवलेला टर्मिनल वायरला लवचीक ठेवतो. फ्यूजचंही तसंच. फ्यूज वायरच्या जाडीवर ठरवायचा. पातळ वायरवर मोठा फ्यूज टाकला तर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर पेटते. आणि मुख्य फ्यूज तुम्ही बॅटरीला अगदी लागून बसवलात. इतकं मन लावून शिकवणारे वस्ताद त्या पोराला लाभले, हे त्याचं भाग्य.

हेडलाइटचा फरक सांगायलाच हवा. हाय बीमला साठ वॅटचे दोन बल्ब, बारा व्होल्टवर म्हणजे दहा अँपिअर, आणि ते सगळे जुन्या बटणातून जायचे. बटण तापायचं, उजेड पिवळा पडायचा. आता रिले, म्हणजे थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, दिव्यांपाशी आहे, बटणातून फक्त रिले ओढण्यापुरता करंट जातो. अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग तुम्ही चकाकता पत्रा लागेपर्यंत घासलात आणि वर पेट्रोलियम जेली लावलीत, त्याचाही यात वाटा आहे. मागच्या पावसात गगनबावड्याहून भुईबावडा घाट उतरताना धुकं होतं, पण कडेचे पांढरे दगड लांबून दिसत होते. आई मागं बसली होती. तिला निर्धास्त झोप लागली.

रंगही लक्षात राहतील असे ठेवलेत: हेडलाइटला निळी, अर्थिंगला काळी, जुन्या अँबॅसॅडरची पद्धत. प्रत्येक टोकाला नंबर, आणि वहीच्या पानावर तुमच्या हातचा नकाशा. तो मी लॅमिनेट करून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलाय. एक प्रत तुमच्यासाठी सोबत पाठवतोय, गॅरेजात लावा.

माझ्या मामेभावाची जीप आता तुमच्याकडे यायचं म्हणतेय. त्याला बजावून सांगितलंय, वस्ताद म्हणतील तेवढे दिवस गाडी ठेवायची आणि पैशांची घासाघीस करायची नाही. तुमचे मनापासून आभार. त्या पोरालाही माझा नमस्कार सांगा.

आपला स्नेहांकित,
पांढऱ्या पद्मिनीवाला