कुत्र्याला लाल रंग दिसतो का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलांच्या कादंबऱ्यांतले बोलणारे प्राणी आता पुरे, त्यांच्यामुळे मुलांना खऱ्या प्राण्यांचा विसर पडतो, असा सूर आपल्या रविवार पुरवणीतल्या लेखात होता. मला तो पटला नाही, पण लेखकाचं दुखणं कळलं. प्राणी बोलतात याने काही बिघडत नाही. बोलायला त्यांच्याजवळ स्वतःचं काहीच नसतं, तिथे बिघडतं.

गेला महिनाभर रोज रात्री मी नातीला एक अद्भुतकथा वाचून दाखवतोय. नायिका नऊ वर्षांची, तिचा जिवलग एक शहाणा कुत्रा. एका प्रसंगी तो लांबून ओरडतो, "तो बघ, हिरव्या गवतात लाल झेंडा!" नातीने माझा हात धरला. "आबा, कुत्र्याला लाल आणि हिरवा वेगळा कळतच नाही ना?" खरंच आहे. त्याला निळा, पिवळा कळतो. लाल-हिरव्यात गल्लत होते. "गोष्टीत चालतं गं," म्हणून मी वेळ मारून नेली. "मग त्याला वास का नाही आला?" आता काय सांगणार! आतापर्यंतच्या दोनशे पानांत त्या कुत्र्याने एकदाही काही हुंगलेलं नाही. त्याच्या जागी शेजारचा बंडू आणून बसवला, तरी कथेचं पान हललं नसतं.

याउलट १८९४ सालच्या 'द जंगल बुक'मध्ये मोगलीला एकेका जमातीची साद बल्लूकडून घोकून घ्यावी लागते. पक्ष्यांची वेगळी, सापांची वेगळी. शिकायचं ते माणसाच्या पोराने.

आणि खऱ्या प्राण्यांची हुशारी काय कमी आहे? २००६ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी आदिमानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि पायात कडी घालून सोडून दिले. पुढे तो मुखवटा दिसला रे दिसला की कावळे कालवा करायचे. काही वर्षांत ओरडणाऱ्यांत असेही कावळे आले, ज्यांना कुणी कधी हातही लावला नव्हता. आता अशा कावळ्याशी एखाद्या मुलीची गट्टी जमली आणि नेमका तिच्या बापाचाच चेहरा कावळ्यांनी डूख धरून लक्षात ठेवलेला असला तर? (ऑक्टोपसच्या तर जवळजवळ दोन तृतीयांश चेतापेशी त्याच्या आठ हातांत असतात. दोस्ती करायची तर आधी कुठल्या हाताशी बोलायचं, इथून सुरुवात!)

आपल्याकडच्या बालपुस्तकांच्या परीक्षणांत 'चित्रं सुरेख, भाषा ओघवती' एवढंच वाचायला मिळतं. त्यातल्या प्राण्याला असं काय कळतं जे मुलाला कळत नाही, हेही एका ओळीत लिहीत जावं, ही विनंती.

आमची साठेक पानं उरली आहेत. नातीने पेन्सिलीने दुरुस्त्या सुरू केल्या असून काल रात्री कुत्र्याने झेंडा वासावरून ओळखला. झेंडा म्हणे पावसात भिजलेला होता.

आपला,
एक वाचक आजोबा